बर्फावरचा वेग आणि सात रस्त्यावरची सायकल

सोलापूरहून काश्मीरला किंवा मनालीला सहलीला जाऊन आलेल्या कुटुंबाचे फोटो आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिले असतील. भाड्याने घेतलेला जाड कोट, पायांत भाड्याच्याच स्की, मागे डोंगर. पण ज्या बर्फाचे वर्णन 'डोळे दिपवणारा पांढराशुभ्र' असे ऐकावे, तो फोटोत राखेच्या रंगाचा दिसतो. माणसांचे चेहरे इतके काळे, की काका कोण आणि काकू कोण हे कोटाच्या रंगावरून ओळखावे लागते. आणि उतारावरून वेगाने घसरत येणाऱ्या खऱ्याखुऱ्या स्कीपटूचा फोटो कोणी काढलाच असेल, तर त्यात एक पुसट डाग असतो. मग निष्कर्ष ठरलेला असतो : 'कॅमेरा साधा होता' किंवा 'मोबाइल स्वस्तातला आहे'.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. चांगला महागडा कॅमेराही, त्याला त्याच्या मनाप्रमाणे वागू दिले तर, बर्फ करडाच दाखवतो. दोष यंत्राच्या किमतीत नाही; यंत्र काय मोजते आणि काय गृहीत धरते, यात आहे. ते एकदा समजले, की गुलमर्गच्या उतारावरचा स्नोबोर्डवाला काय किंवा आपल्या शाळेच्या मैदानावर उडी मारणारी मुलगी काय, दोघांचाही फोटो त्याच नियमांनी काढता येतो. सोलापुरात बर्फ पडत नाही आणि पडण्याची चिन्हेही नाहीत. पण या लेखातला एकही प्रयोग बर्फावाचून अडणार नाही.

कॅमेऱ्याला पांढरे कळते का?

प्रथम एक अगदी सोपा प्रयोग करू. एक पांढरे धोतर आणि एक काळे घोंगडे घ्या. सोलापूरकडच्या घरात दोन्ही मिळायला अडचण पडू नये. दोन्ही अंगणात, एकाच उन्हात पसरा. कॅमेरा किंवा मोबाइल स्वयंचलित ठेवून आधी फक्त धोतराचा फोटो घ्या. चौकट धोतराने पूर्ण भरली पाहिजे, कडेची फरशी दिसता कामा नये. मग तसाच फक्त घोंगड्याचा घ्या. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. धोतर पांढरे नाही आणि घोंगडे काळे नाही. दोन्ही जवळजवळ सारख्याच करड्या रंगाची दिसतील. (अलीकडचे काही मोबाइल समोरचे दृश्य 'ओळखून' थोडी दुरुस्ती करतात, त्यामुळे फरक थोडाफार उरेल, जुन्या कॅमेऱ्यावर प्रयोग फारच स्पष्ट होतो.)

असे का होते? कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूकडून परत आलेला प्रकाश मोजतो. त्याला मिळणारा आकडा दोन गोष्टींचा गुणाकार असतो : वस्तूवर किती प्रकाश पडला आणि त्यातला किती भाग वस्तूने परत फेकला. गुणाकार १२ आहे एवढेच सांगितले, तर तो ३ गुणिले ४ आहे की २ गुणिले ६, हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रकाशमापकाचीही हीच अडचण आहे. भरपूर उन्हातले घोंगडे आणि संधिप्रकाशातले धोतर त्याच्या दृष्टीने एकच. यातून वाट काढण्यासाठी कॅमेरे बनवणाऱ्यांनी एक गृहीतक यंत्रात घालून ठेवले आहे : समोरचे दृश्य, सरासरी पाहता, पडलेल्या प्रकाशाच्या साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकते. झाडे, माती, रस्ते, घरे, माणसे असे संमिश्र दृश्य असेल तर हे गृहीतक बऱ्यापैकी चालते. म्हणून आपले नेहमीचे फोटो ठीक येतात आणि या गृहीतकाची आपल्याला आठवणही होत नाही.

नुकताच पडलेला बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. आपल्याकडची काळी माती फेकते फार तर दहाव्या भागाच्या आसपास. चौकटीत बहुतेक बर्फच असला, की कॅमेरा समजतो, 'येथे ऊन पाचपट दिसते आहे', आणि प्रकाश पाचपटीने तोडतो. बर्फ १८ टक्क्यांच्या करड्या रंगावर येऊन बसतो. बर्फाबरोबर चेहराही पाचपट अंधारात जातो.

छायाचित्रकार प्रकाशाचा हिशोब दुपटीत करतात. प्रत्येक दुप्पट म्हणजे एक 'स्टॉप'. पाचपट म्हणजे दोन स्टॉपहून थोडे अधिक. म्हणून बर्फावर फोटो काढताना यंत्राच्या मापापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त प्रकाश आत घ्यावा, असा नियम आहे. मोबाइलवर चित्राला बोट लावले की शेजारी सूर्याचे चिन्ह येते. ते वर सरकवणे म्हणजे हेच. पुरी सव्वादोन स्टॉपची भरपाई सहसा करत नाहीत. बर्फ कागदासारखा कोरा पांढरा झाला तर त्यावरचे कंगोरे, स्कीने ओढलेल्या रेघा, उडणारे कण हे सारे नाहीसे होते. आणि संवेदकात प्रकाश एकदा काठोकाठ भरला, की नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी तो तपशील परत मिळत नाही.

येथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात आणि ती रास्त असते. फिल्मच्या काळात खोक्याबरोबर एक छोटा तक्ता मिळत असे. त्यात लख्ख उन्हासाठी एक आकडा आणि 'बर्फ किंवा वाळूचा किनारा' यासाठी वेगळा आकडा असे. नियम साधा होता : लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवा आणि फिल्मचा जो वेगांक असेल तितक्या अंशाचे शटर ठेवा, १०० वेगांकाला १/१०० किंवा १/१२५ सेकंद. बर्फावर मात्र छिद्र आणखी लहान करून एफ/२२ ठेवा. म्हणजे तक्ता सांगतो प्रकाश कमी करा आणि आम्ही वर म्हणतो आहोत जास्त घ्या! यात विरोध नाही. तक्ता पडणाऱ्या प्रकाशाविषयी बोलतो. बर्फावर वरून ऊन येते आणि खालूनही उजेड परत येतो, म्हणून प्रकाश खरोखरच थोडा जास्त असतो. त्यासाठी एक स्टॉप कमी करणे योग्यच. पण यंत्र घाबरून सव्वादोन स्टॉप कमी करते, म्हणजे एफ/१६ वरून थेट एफ/३२ च्याही पुढे जाते. आपण त्याला तेथून एफ/२२ किंवा एफ/१६ पर्यंत परत आणतो, इतकेच. फळ्यावर एक रेघ काढून त्यावर एफ/१६, एफ/२२ आणि एफ/३२ मांडून दाखवले, की ही शंका दोन मिनिटांत फिटते.

सोलापूरकरांना हा प्रश्न बर्फाशिवायही दरवर्षी भेटतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा मानकरी आणि भाविक पांढरी बाराबंदी घालून हजारोंच्या संख्येने रस्त्यावर असतात. चौकट भरून पांढरे कपडे, त्यांत उन्हाने रापलेले चेहरे. कॅमेऱ्याच्या लेखी हा बर्फच. बाराबंदी करडी आणि चेहरे काळे, असे शेकडो फोटो दरवर्षी निघतात. गणवेशातला पांढरा शर्ट घातलेल्या वर्गाच्या सामूहिक फोटोचीही हीच गत. तो फोटो शाळेच्या भिंतीवर पुढे चाळीस-पन्नास वर्षे राहणार असतो. त्यात एखाद्या मुलाचा चेहराच ओळखू न येणे ही आम्हांला क्षुल्लक बाब वाटत नाही. सावळ्या मुलांवर याची झळ सर्वांत जास्त बसते, कारण पाचपट तुटीनंतर गोऱ्या चेहऱ्यावर थोडा तपशील तरी शिल्लक राहतो, सावळ्या चेहऱ्यावर तोही राहत नाही. 'फोटोत काळाच येतो' हे अशा मुलाला जन्मभर ऐकवले जाते. वास्तविक त्या फोटोपुरता तरी दोष शेजारच्या शर्टाचा असतो.

सरासरी ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती कोणीतरी ठरवलेली असते. रंगीत छपाईच्या बाबतीत तर याचा लेखी पुरावाच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवत असे. त्यात गोऱ्या कातडीची स्त्री असे आणि या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट उतरली, की यंत्र नीट लागले असे समजत. वेगवेगळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे बरीच नंतर आली.

यावर उपाय मात्र फुकटचा आहे. प्रकाशाचे माप दृश्यावरून न घेता आपल्या तळहातावरून किंवा जवळच्या करड्या दगडावरून घ्यावे. ज्या उन्हात माणूस उभा आहे, त्याच उन्हात तळहात धरावा, चौकट त्याने भरावी, माप पक्के करावे आणि मग फोटो घ्यावा. तळहात करड्या कार्डापेक्षा थोडा उजळ असतो, म्हणून साधारण एक स्टॉप वाढवावा. गंमत अशी, की माप एकदा बरोबर लागले, की तोच बर्फ शत्रूचा मित्र होतो. स्टुडिओत छायाचित्रकार हनुवटीखालची सावली घालवण्यासाठी थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरतो. बर्फ म्हणजे तसा मैलभर पसरलेला पत्रा. टोपीच्या कडेखाली, हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत सगळीकडे उजेड पोचलेला असतो. बाराबंदी घातलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही खालून असाच मऊ प्रकाश येतो.

बर्फातल्या सावल्या फोटोत निळ्या दिसतात, त्याचेही कारण सांगून पुढे जाऊ. सावलीत सूर्याचा थेट प्रकाश नसतो, फक्त आकाशाचा असतो, आणि आकाश निळे आहे. मातीवर हा निळेपणा मातीच्या रंगात बुडतो. बर्फाला स्वतःचा रंग नसल्याने तो उघडा पडतो.

वेग म्हणजे नेमका कोणाचा?

आता दुसरा प्रश्न, पुसट डागाचा. स्कीपटूंचा वेग ऐकून छाती दडपते. उतारावरच्या विश्वचषक शर्यतीत फ्रान्सचा योहान क्लारे याने २०१३ साली स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे ताशी १६१.९ किमी वेग गाठला होता. फक्त वेगासाठीच घेतल्या जाणाऱ्या सरळ उताराच्या स्पर्धेत सिमोन बिली याने २०२३ साली ताशी २५५.५ किमीची नोंद केली. गुलमर्गला २०२० पासून 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा भरू लागल्या. तेथे किंवा औलीला आपण एखाद्या बऱ्या स्कीपटूचा फोटो घेऊ म्हटले, तर त्याचा वेग ताशी ५० किमीच्या आगेमागे धरायला हरकत नाही. हिशोबाला सोपे म्हणून ५४ किमी घेऊ, म्हणजे सेकंदाला १५ मीटर.

शटर १/१००० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो दीड सेंटिमीटर सरकतो. पण फोटो पुसट होण्याशी या दीड सेंटिमीटरचा थेट संबंध नाही! संबंध आहे तो त्याची प्रतिमा संवेदकावर किती सरकली याच्याशी. स्कीपटू ३० मीटरवर आहे आणि आपल्याकडे २०० मिमी नाभीय अंतराची लेन्स आहे, असे समजा. प्रतिमा वस्तूच्या सुमारे १/१५० होते (२०० मिमी भागिले ३०,००० मिमी). दीड सेंटिमीटर भागिले १५० म्हणजे प्रतिमा ०.१ मिमी सरकली. ३५ मिमी फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतची हालचाल मोठ्या छपाईतही डोळ्याला जाणवत नाही, असे मानतात. म्हणजे १/१००० सेकंद पुरेसे नाही. १/४००० च्या आसपास जावे लागेल.

आता सात रस्त्यावर येऊ. चौकात पदपथावर उभे राहिलो आणि समोरून आडवी एक सायकल गेली. वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, अंतर १० मीटर, लेन्स तीच. १/१००० सेकंदात सायकल अर्धा सेंटिमीटर सरकते. प्रतिमा वस्तूच्या १/५० आहे. अर्धा सेंटिमीटर भागिले ५० म्हणजे पुन्हा ०.१ मिमी. कॅमेऱ्याच्या दृष्टीने दूध घेऊन निघालेला सायकलवाला आणि गुलमर्गचा स्कीपटू यांच्यात काहीही फरक नाही. वेगाला अंतराने भागले की दोघांचेही उत्तर अर्धाच येते. म्हणजे दोघेही आपल्या डोळ्यांसमोरून सेकंदाला सुमारे २९ अंशांनी फिरतात. कॅमेऱ्याला ताशी किलोमीटर कळत नाहीत, त्याला फक्त हा कोन कळतो. रेल्वेतून जाताना रुळाशेजारचा खांब झपकन जातो आणि दूरची टेकडी आपल्याबरोबर चालते, हे मुलांना अनुभवाने माहीत असतेच. हा त्याचाच हिशोब आहे.

म्हणून बर्फावर जाण्याची ज्याची इच्छा असेल त्याने सराव सात रस्त्यावर करावा. हे थट्टेने म्हणत नाही. (मुलांना घेऊन जाल तर पदपथ सोडू देऊ नका, कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला मागून येणारी रिक्षा दिसत नाही.) या सरावात तीन-चार गोष्टी आपोआप लक्षात येतात. एक तर सायकल अगदी समोर आडवी येते, त्या क्षणी कोन सर्वांत झपाट्याने बदलतो. तीच सायकल ४५ अंशांवर असताना तो वेग निम्मा असतो : आडवी गती कमी झालेली असते आणि अंतरही वाढलेले असते. म्हणजे जागा बदलून तिरके उभे राहिले, की शटर न बदलता पुसटपणा निम्मा होतो. अगदी समोरून अंगावर येणारी सायकल तर बाजूला सरकतच नाही. मात्र तेथे अंतर इतक्या वेगाने बदलते, की लेन्सचा फोकस मागे पडतो. यावर वर्तमानपत्रांच्या जुन्या क्रीडा-छायाचित्रकारांची युक्ती अशी, की माणसावर फोकस करायचाच नाही. रस्त्यावरच्या गतिरोधकावर फोकस पक्का करून ठेवायचा आणि सायकल तेथे पोचली की बटण दाबायचे. स्कीच्या शर्यतीत गतिरोधकाऐवजी वळणाच्या खांबावर फोकस धरतात.

बटण दाबायचे तेही पोचल्यावर नव्हे, किंचित आधी. पाहिले, कळले आणि बोट हलले, यात साधारण ०.२ सेकंद जातात. वर्गात पट्टीचा प्रयोग करून पाहा : एकाने ३० सेंमीची पट्टी वर धरावी, दुसऱ्याने शून्याशी बोटे उघडी ठेवावीत, पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी. बहुतेकांच्या चिमटीत पट्टी २० सेंमीच्या आसपास सापडते, म्हणजे ०.२ सेकंद. तेवढ्यात आपला स्कीपटू ३ मीटर पुढे गेलेला असतो. सेकंदाला १० फोटो काढणारा कॅमेरा असला तरी दोन फोटोंमध्ये तो दीड मीटर जातो. नेमका हवा तो क्षण त्या दोहोंच्या मध्ये हरवू शकतो.

उडीच्या बाबतीत निसर्ग आपल्याला थोडी सवलत देतो. स्नोबोर्डवाला बर्फाच्या उंचवट्यावरून हवेत उडतो, तेव्हा तो क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो. हा भास नव्हे. वर फेकलेली कोणतीही वस्तू हवेतल्या एकूण वेळापैकी निम्मा वेळ उंचीच्या वरच्या पाव भागात असते. गणित नववी-दहावीच्या मुलांना जमेल : उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून निम्म्या वेळात पाव उंची. मैदानावर ४५ सेंमी उंच उडी मारणारी मुलगी सुमारे ०.६ सेकंद हवेत असते आणि त्यातले ०.३ सेकंद वरच्या ११ सेंमीत. अगदी शिखराशी तर ०.१ सेकंद आधी आणि ०.१ सेकंद नंतर एवढ्या अवधीत ती ५ सेंमीहून अधिक खाली नसते. शिखराला नेम धरला तर १/२५० सेकंदातही उडी स्पष्ट येते. अर्थात ही सवलत फक्त उभ्या गतीपुरती. पुढे जाण्याची गती शिखरावरही तशीच चालू असते, आणि स्नोबोर्डवाल्याची ती बरीच असते.

पांढरे काळ्याला खाते

इथपर्यंत बर्फ आणि रस्ता यांचे नियम एकच निघाले. पण एका बाबतीत बर्फ खरोखर वेगळा आहे, आणि ती बाब फारशी कोणी सांगत नाही.

फळ्यासमोर पांढरा खडू हलवा आणि १/४ सेकंदाचा फोटो घ्या. खडूची ठळक पांढरी रेघ दिसेल. आता चुन्याच्या भिंतीसमोर खडूएवढेच काळे पेन तितक्याच वेगाने हलवा. पेन जवळजवळ नाहीसे होईल! वेग तोच, वेळ तोच. मग एक दिसते आणि दुसरे का दिसत नाही?

संवेदक काय किंवा फिल्म काय, दोन्ही आलेला प्रकाश साठवतात. आलेला प्रकाश वजा करणे त्यांना जमत नाही. समजा पांढरा म्हणजे ९० आणि काळा म्हणजे ५. हलणारी वस्तू एका ठिकाणी एकूण वेळाच्या पाचव्या भागापुरती होती. फळ्यावर त्या ठिकाणी जमा झाले चार पंचमांश गुणिले ५, अधिक एक पंचमांश गुणिले ९०, म्हणजे ४ अधिक १८, एकूण २२. शेजारचा फळा ५ आहे, म्हणजे रेघ चौपटीहून उजळ झाली. भिंतीवर जमा झाले ७२ अधिक १, म्हणजे ७३. शेजारची भिंत ९०. फरक पाचव्या भागाहूनही कमी. डोळ्याला तो जेमतेम जाणवेल.

एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाच्या चालण्याचे टप्पे एकाच काचेवर टिपले. त्याने काळ्या पार्श्वभूमीचा आग्रह धरला तो याच कारणाने. पुढे त्याने चालणाऱ्याला काळा पोशाख घालून फक्त हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. बर्फावरची परिस्थिती मारेच्या नेमकी उलट आहे. तेथे गडद कपड्यांतला माणूस पांढऱ्यावर धावतो. शटर थोडे सावकाश असले, की धड मध्यभागी कसेबसे टिकते, पण हात, बोटे, स्कीच्या काठ्या ज्या जागी क्षणभरच असतात त्या जागा बर्फ भरून काढतो. बिनहातांचा माणूस उरतो. फोटो नुसता पुसट होत नाही, त्यातला माणूस झिजतो. म्हणून रस्त्यावर १/५०० सेकंद चालवून घेणाऱ्यानेही बर्फावर १/२००० च्या खाली येऊ नये असे आमचे मत आहे. सुदैवाने तेथे प्रकाशाची टंचाई नसते. वरच्या तक्त्याप्रमाणे १०० आयएसओला १/१२५ सेकंद व एफ/२२ असेल, तर १/२००० साठी चार स्टॉप उघडून एफ/५.६ येते आणि ते बहुतेक लेन्सना परवडते.

होम मैदानावर यात्रेत शोभेचे दारूकाम होते, त्याचे फोटो मारेच्या बाजूचे. काळ्या आकाशावर शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवले तरी काही बिघडत नाही, उलट फुलबाजी पुरती उमलते. फक्त कॅमेरा हलू देऊ नये.

कॅमेरा मुद्दाम हलवण्याची एक रीत मात्र आहे. सायकलबरोबर कॅमेराही त्याच कोनवेगाने फिरवायचा, १/६० सेकंद ठेवायचे आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचे. सायकलस्वार स्पष्ट येतो आणि मागच्या दुकानांच्या पाट्यांच्या आडव्या रेघा होतात. वेगाचा भास फार सुंदर होतो. पहिले वीस फोटो वाया जातील, जाऊ द्यावेत. फिल्म संपण्याची भीती आता नाही. हीच रीत मोकळ्या बर्फावर मात्र फुकट जाते. मागे पांढऱ्याशिवाय काही नसेल तर रेघा कशाच्या होणार? म्हणून जाणते छायाचित्रकार मागे देवदारांची रांग, निशाणे किंवा प्रेक्षक येतील अशी जागा शोधतात, किंवा स्कीच्या कडेने उडणारा बर्फ उन्हाविरुद्ध पकडतात.

पहिल्या महायुद्धाआधी जाक-आँरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीच्या मोटारीचा असाच कॅमेरा फिरवत फोटो घेतला. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे फिल्मसमोरून सरकणारी फट होती. त्यामुळे मोटारीचे चाक पुढे कललेले लंबवर्तुळ झाले आणि बाजूचे प्रेक्षक मागे कलले. आजचा मोबाइलही चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून धावत्या एसटीच्या खिडक्या तिरक्या येतात आणि छताच्या पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकतात. पंख्याचा प्रयोग वर्गात आजच करता येईल.

थंडीविषयी थोडक्यात. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे आणि तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा ३९०० मीटरच्या वर जातो. तिथल्या थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही मान टाकते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. थंड कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला, तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे त्यावर पाणी धरते. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि तासाभराने उघडावे. पाणी पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. डोळ्यांनाही काळा चष्मा हवाच; बर्फावरून उलटणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्यांना इजा होते.

सात रस्त्यावरच्या सरावातला एक फोटो वर्गासाठी राखून ठेवा. कॅमेरा स्थिर, सायकल आडवी, १/१२५ सेकंद. चाकाकडे नीट पाहा : वरचे आरे पार पुसले गेलेले असतील, पण जमिनीजवळचे दोन-तीन आरे बऱ्यापैकी मोजता येतील. चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर सर्वांत वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. मुलांनी हे आपणहून शोधावे, आधी सांगू नये. ते सापडले की पुढचा प्रश्न घालावा : स्कीही बर्फाला टेकलेलीच असते, मग तिचा खालचा भाग फोटोत असा स्पष्ट का येत नाही? एखादे मूल उत्तर देईल की चाक लोळते आणि स्की घसरते. मग त्याच मुलाला ब्रेक करकचून लावलेल्या सायकलच्या मागच्या चाकाचा फोटो काढायला पाठवावे.